चिनी अक्षरांचं रूप आणि वाचन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात संध्याकाळच्या वर्गात मी मोठ्या माणसांना चिनी शिकवते आणि दिवसा चिनी मजकुराची मुद्रितं तपासते : माहितीपत्रकं, औषधांची वेष्टनं, यंत्रांची हस्तपुस्तकं, हॉटेलांची मेनूकार्डं. वर्गातली माणसं वेगळी आणि छापखान्यातली वेगळी, पण प्रश्न बहुतेक तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. चिनी अक्षरं इथे छापलेली नाहीत, ती काढून पाहायला सांगितली आहेत. कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा. जे अक्षर एकदा स्वतःच्या हाताने काढलं, त्याबद्दलचं बोलणं लगेच कळतं.

चिनी लिपी म्हणजे चित्रलिपीच ना?

आपल्याकडे सर्रास तसं म्हणतात, आणि शिकणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान याच एका शब्दाने होतं. सूर्य, डोंगर, झाड, माणूस अशी काही अक्षरं चित्रांतून आली आहेत हे खरं, पण ती थोडी. वापरातल्या अक्षरांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त अक्षरं दोन भाग जोडून झालेली आहेत. एक भाग अर्थाची जात सांगतो, दुसरा उच्चाराचा अंदाज देतो.

एक कुटुंब बघा. ‘छिंग’ नावाचं एक अक्षर आहे, अर्थ हिरवट-निळा रंग. प्रत्येक चिनी अक्षर एका चौकटीत बसतं. हे अक्षर चौकटीच्या उजव्या अर्ध्या भागात ठेवा. डावीकडे पाण्याचे तीन थेंब काढले की ‘स्वच्छ’. थेंबांच्या जागी सूर्य ठेवला की ‘निरभ्र’. उभं हृदय ठेवलं की ‘भावना’. बोलण्याची खूण ठेवली की ‘विनंती, कृपया’. किड्याची खूण ठेवली की चतुर या किड्याच्या नावातलं पहिलं अक्षर. सगळ्यांचा उच्चार छिंगच, फक्त सूर बदलतो.

म्हणजे वाचणारा चित्र ओळखत नसतो. तो चौकटीत कुठे काय बसलंय ते बघत असतो. अर्थाची खूण बहुधा डावीकडे किंवा वर, उच्चाराची बहुधा उजवीकडे किंवा खाली. ही सवय लागली की नवं अक्षरही अर्धं ओळखीचं वाटतं. माझ्या वर्गात साधारण तिसऱ्या महिन्यात हा बदल दिसतो : विद्यार्थी रेघा मोजणं सोडतात आणि ‘पाणी आणि छिंग’ असं म्हणायला लागतात.

एकूण किती अक्षरं ओळखावी लागतात?

१७१६ साली पूर्ण झालेल्या खांगशी शब्दकोशात ४७ हजारांवर अक्षरं आहेत, आणि लोक तोच आकडा ऐकून घाबरतात. रोजचं वाचन वेगळं. चीन सरकारच्या २०१३ च्या प्रमाण यादीत ८,१०५ अक्षरं आहेत, आणि त्यांतली पहिल्या पातळीची ३,५०० सर्वसामान्य वाचनाला पुरतात. त्याआधीच्या, १९८८ च्या यादीतली सर्वांत नेहमीची २,५०० अक्षरं साध्या मजकुराचा सुमारे ९८ टक्के भाग व्यापतात.

जास्त रेघांचं अक्षर वाचायला जास्त अवघड असतं का?

बारीक छापलं तर हो. नेहमीच्या आकारात मात्र गोष्ट इतकी सरळ नाही, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

आधी पेन्सिल घ्या. हात पसरून उभा असलेला माणूस काढा : एक आडवी रेघ, तिच्यातून खाली फाकलेले दोन पाय. हे ‘मोठा’. दोन पायांच्या मध्ये एक ठिपका दिला की ‘अति’. तोच ठिपका वर उजव्या खांद्यावर दिला की ‘कुत्रा’. आता उभी चौकट काढून मध्ये एक आडवी रेघ द्या : ‘सूर्य’. तीच चौकट बुटकी आणि रुंद केली की जुन्या ग्रंथांतलं ‘म्हणाला’. रेघा त्याच, तितक्याच. फक्त उंची-रुंदीचं प्रमाण बदललं.

आणखी एक त्रिकूट आहे, वळणदार, खाली आकड्यासारखं वळलेलं. डावीकडची बाजू पूर्ण उघडी राहिली तर ‘स्वतः’, अर्ध्यापर्यंत बंद झाली तर ‘आधीच’, पूर्ण बंद झाली तर कालगणनेतलं सर्पाचं चिन्ह. चीनमध्ये जन्मलेली, शिकलेली माणसंही घाईत इथे अडखळतात.

आता उलट बाजू बघा. वीस-बावीस रेघांच्या अक्षरात एखादी रेघ पुसट झाली तरी बाकीच्या एकोणीस ओळख पटवायला उभ्या असतात. दाट अक्षराला आकार मोठा लागतो, पण ते दुसऱ्या कुणासारखं सहसा दिसत नाही. विरळ अक्षर लांबूनही दिसतं, पण त्याला जुळी भावंडं फार. आपल्याकडे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत जी गडबड होते ती त्या अक्षरांत कमी ऐवज आहे म्हणून होते. ‘क्ष’ला मात्र कुणी दुसरं अक्षर समजत नाही.

तपासणीत सगळ्यात जास्त कोणती चूक निसटते?

माझ्या अनुभवात एकाच जोडीची. झाडाचं अक्षर काढा : एक उभी, तिला छेदणारी एक आडवी, आणि छेदापासून खाली फाकलेल्या दोन तिरप्या. आता वर आणखी एक आडवी रेघ द्या. ही वरची रेघ खालच्यापेक्षा लांब असेल तर अक्षर ‘मो’, अर्थ ‘शेवट’. आखूड असेल तर ‘वेइ’, अर्थ ‘अजून नाही’. फरक फक्त कोणती रेघ लांब याचा.

‘वीकेंड’ला चिनीत ‘चौमो’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका पाहुणचाराच्या माहितीपत्रकात ‘चौमो’च्या जागी ‘चौवेइ’ छापून आलं, आणि त्या मुद्रितावर सही माझी होती. मी पडद्यावर मोठं करून वाचलं होतं. पण शब्द इतका सवयीचा की डोळ्याने पुढचं अक्षर स्वतःच भरून टाकलं. एका चिनी पाहुण्याने काउंटरवर ते बोट ठेवून दाखवलं तेव्हा पाच हजार प्रती वाटून झाल्या होत्या. त्या दिवसापासून मी जुळ्या अक्षरांची यादी टेबलावर ठेवते आणि मजकूर वाचून संपला की त्या यादीतलं एकेक अक्षर स्वतंत्रपणे शोधते. आता वाचणं आणि तपासणं ही मी एकाच फेरीत करत नाही.

अक्षर बारीक केलं की नेमकं काय बिघडतं?

याचं उत्तर एका अक्षरात दाखवता येतं. ‘लियांग’, अर्थ ‘प्रमाण, मोजमाप’. औषधाच्या वेष्टनावर मात्रा सांगताना ते येतंच. काढा : वर एक बुटकी चौकट, तिच्या मध्ये एक आडवी. तिच्याखाली एक लांब आडवी. तिच्याखाली पुन्हा एक चौकट, मध्ये आडवी. त्या चौकटीतून खाली येणारी एक उभी, आणि तळाशी आणखी दोन आडव्या. आता वरून खाली आडव्या रेघा मोजा : तीन, एक, तीन, दोन. एकूण नऊ.

नऊ रेघा वेगळ्या दिसायच्या तर त्यांच्यामध्ये आठ फटी हव्यात. म्हणजे सतरा थर झाले. जुन्या संगणकांवर चिनी अक्षराला १६ गुणिले १६ ठिपक्यांची जाळी मिळायची. सतरा थर सोळा ओळींत बसत नाहीत. कुठेतरी एक रेघ गाळावी लागते किंवा दोन चिकटवाव्या लागतात. १२ ठिपक्यांच्या जाळीत तर सहाच आडव्या रेघा सुट्या राहू शकतात.

कागदावर हाच हिशेब करा. पाच पॉइंटची चौकट पावणेदोन मिलिमीटरची. सतरा थरांत वाटली तर एकेका थराच्या वाट्याला मिलिमीटरचा दहावा भाग येतो. शाई थोडी जरी पसरली तरी आधी फटी बुजतात. रेघ दिसत राहते, पण तिच्या आजूबाजूचा पांढरा जातो, आणि अक्षर काळ्या ठिपक्यासारखं दिसायला लागतं. चिनी अक्षराचं वाचन त्या पांढऱ्या जागांवर उभं असतं असं मी म्हणते ते यासाठी. औषधाच्या घडीपत्रकावर मात्रेचं अक्षर बुजलेलं पाहिलं की मी ते मुद्रित परत पाठवते, मग छापखान्यात कितीही घाई असो.

रेघा गाळल्या तर वाचणाऱ्याला कळतं का?

काही प्रमाणात गाळल्या तर वाचनाला बाधा येत नाही. २०१२ साली डोळ्यांच्या हालचाली मोजून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अक्षरांतल्या १५ टक्के रेघा काढल्या तरी वाचन पूर्वीसारखंच झालं. ३० आणि ५० टक्के काढल्यावर मात्र अडू लागलं. त्यातही कोणत्या रेघा काढल्या याला महत्त्व होतं. आधी लिहिल्या जाणाऱ्या रेघा काढल्या तर सगळ्यात जास्त त्रास, शेवटच्या काढल्या तर त्याहून कमी, आणि अक्षराचा सांगाडा शाबूत ठेवून मधल्याअधल्या काढल्या तर सगळ्यात कमी.

वर्गात मी रेघांचा क्रम घोटून घेते तेव्हा ‘उजवीकडून सुरू केलं तर काय बिघडतं’ असं विचारलं जातं. त्याला माझं उत्तर हा अभ्यास आहे. हाताने जो क्रम शिकला त्याचा ठसा डोळ्यातही राहतो.

रस्त्यावरचं उदाहरण जपानचं आहे, तिथेही चिनी अक्षरं चालतात. तिथल्या एक्स्प्रेसवेच्या पाट्यांसाठी रस्ते महामंडळाने १९६० च्या दशकात खास अक्षरं घडवली. ताशी शंभरच्या वेगाने येणाऱ्या चालकाला वाचता यावीत म्हणून दाट अक्षरांतल्या रेघा मुद्दाम कमी केल्या होत्या. ससाण्याचं २४ रेघांचं अक्षर त्यांतलं नेहमी दाखवलं जाणारं. शाळेत ते तसं लिहिलं तर चूक, पण रस्त्यावर तेच बरोबर. २०१० पासून नव्या पाट्यांवर नेहमीचा छपाईचा फॉन्ट आला. मला ती जुनी अक्षरं फार आवडतात. वाचणाऱ्याची दया येऊन कुणीतरी हाताने एकेक रेघ उचलली आहे, ते त्यांत दिसतं.

सोपी केलेली अक्षरं वाचायला खरंच सोपी आहेत का?

लिहायला निश्चित सोपी. वाचायला सगळीकडे नाहीत.

चीनने अक्षरं सोपी करण्याची योजना १९५६ साली जाहीर केली, १९६४ साली सविस्तर यादी काढली, आणि १९८६ साली किरकोळ दुरुस्त्यांसह पुन्हा प्रसिद्ध केलेल्या यादीत २,२३५ सोपी अक्षरं आहेत. घोड्याच्या दहा रेघांच्या तीन झाल्या, दाराच्या आठाच्या तीन, ‘ऐकणे’च्या २२ च्या सात. तैवान, हाँगकाँग आणि मकाव इथे जुनी पूर्ण रूपंच चालतात. सिंगापूरने सोपी घेतली.

बारीक छपाईत आणि कमी दर्जाच्या पडद्यावर सोप्या अक्षरांचा फायदा उघड आहे, कारण फटी मोकळ्या राहतात. पण किंमतही मोजावी लागली. ‘ऐकणे’च्या जुन्या रूपात डावीकडे कान होता, नव्यात तोंड आहे. अर्थाची खूण गेली. ‘बोलणे’ची सात रेघांची खूण डावीकडे आली की तिच्या दोनच रेघा करतात, आणि ती पाण्याच्या तीन थेंबांच्या फार जवळ जाते. परिणाम असा की ‘नाही’ आणि ‘उभारणे’ ही दोन अक्षरं आता एकमेकांच्या शेजारी बसली आहेत. जुन्या रूपांत ती मिसळण्याचं कारणच नव्हतं. ‘मूल’ आणि ‘किती’ यांच्या दोन-दोन रेघा उरल्या, वर जोडल्या की ‘किती’ आणि सुट्या ठेवल्या की ‘मूल’. ‘कारखाना’ आणि ‘रुंद’ यांच्यात तर डोक्यावरच्या एका ठिपक्याचाच फरक, आणि दोघांचंही पोट रिकामं. ओळीत ती तोल गेल्यासारखी दिसतात.

१९७७ साली सोपीकरणाची दुसरी फेरी आली. ती इतकी पुढे गेली की लोकांना अक्षरं ओळखेनात, आणि १९८६ साली ती अधिकृतपणे मागे घेतली. माझं मत विचाराल तर रेघ कमी करण्याची एक हद्द असते. ती ओलांडली की लिहिणाऱ्याचे कष्ट वाचतात ते वाचणाऱ्याच्या माथी बसतात.

शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, मग शब्द कुठे तोडायचा हे कसं कळतं?

सवयीने आणि संदर्भाने. आपल्याला हे परकं वाटायला नको. आपल्या जुन्या पोथ्या सलग लिहिलेल्या असत, आणि मोडीत तर आधी आडवी ओळ ओढून तिच्याखाली न तोडता लिहीत जायचे. मोडी वाचणाऱ्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल.

नेहमी दिलं जाणारं उदाहरण नानचिंगच्या पुलाचं आहे. १९६८ साली यांगत्से नदीवर तो झाला. त्याचं नाव ‘शहर’ हे अक्षर घालून लिहिलं की सात अक्षरांचं होतं. तीन अक्षरांनंतर तोडलं तर ‘नानचिंग शहर, यांगत्सेचा महापूल’. चार अक्षरांनंतर तोडलं तर ‘नानचिंगचे महापौर, च्यांग महापूल’, म्हणजे च्यांग आडनावाचा माणूस! चौथं अक्षर दोन्हीकडे जाऊ शकतं, आणि कुठे गेलं त्यावर त्याचा उच्चारही बदलतो. प्रत्यक्ष वाचताना कुणी अडत नाही, कारण पूल सगळ्यांना माहीत आहे.

मग जागा सोडली तर वाचन सुधारेल का? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिनी वाचकांना शब्दांत जागा सोडलेला मजकूर दिला. वाचन जलद झालं नाही आणि हळूही झालं नाही. शब्द मध्येच फोडणारी जागा दिली तेव्हा मात्र ते बिघडलं. माहितीपत्रकाची सजावट करणारे ओळ भरण्यासाठी अक्षरं पसरवतात तेव्हा नेमकं हेच करतात, म्हणून त्यांना मी हे आवर्जून सांगते.

एका नजरेत किती अक्षरं दिसतात?

चिनी वाचक ज्या अक्षरावर नजर टेकवतो त्याच्या डावीकडचं एक आणि उजवीकडची सुमारे तीन अक्षरं त्याच्या कामी येतात. इंग्रजीत उजवीकडची पंधराच्या आसपास अक्षरं कामी येतात. आकड्यांवरून चिनी वाचन हळू वाटेल, पण चिनी शब्द बहुधा एका-दोन अक्षरांतच संपतो. इंग्रजी, फिनिश आणि चिनी यांची तुलना केली तेव्हा त्याच आशयाचं वाक्य वाचायला तिन्हीकडे जवळपास सारखाच वेळ लागला. चिनी डोळा कमी अंतर जातो आणि प्रत्येक पावलाला जास्त ऐवज उचलतो.

फॉन्ट कोणता वापरावा?

पुस्तकाच्या सलग मजकुरासाठी ‘सोंग’ नावाच्या जातीचा. यात आडव्या रेघा बारीक, उभ्या जाड, आणि आडवीच्या उजव्या टोकाला एक छोटा त्रिकोण. जपानीत त्या त्रिकोणाला माशाचा खवला म्हणतात. हे रूप लाकडी ठशांतून आलं. फळीचे रेषे आडवे जातात, त्यामुळे रेषांबरोबर जाणारी आडवी रेघ बारीक कोरली तरी टिकते. उभी रेघ रेषे कापत जाते, ती बारीक ठेवली तर तुटते. म्हणून ती जाड. गंमत अशी की कारागिरांच्या या अडचणीतून वाचनाची सोय झाली. चिनी अक्षरांत आडव्या रेघांची गर्दी जास्त असते, त्याच बारीक ठेवल्याने फटी मोकळ्या राहिल्या.

पण हाच सोंग पाटीवर, अंधाऱ्या पार्श्वभूमीवर किंवा हलक्या पडद्यावर टाकला तर बारीक आडव्या उडून जातात आणि नुसत्या उभ्या उरतात. तिथे हेइ वापरा, सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या. संगणकाच्या पडद्यावर बराच काळ ठिपक्यांनी घडवलेला सोंग होता. विंडोज व्हिस्टाबरोबर यहेइ नावाचा हेइ जातीचा फॉन्ट आला आणि पडद्यावरचं चिनी वाचन पालटलं.

लहान मुलांच्या पुस्तकांसाठी खाय, म्हणजे कुंचल्याने नीट लिहिल्यासारखा. मुलाने जसं लिहायचं तसंच त्याला दिसायला हवं. शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की सुरुवातीचे धडे खायमध्येच द्या. हेइमध्ये कोणती रेघ कुठे संपली आणि कुठे वळली हे कळत नाही, आणि मग विद्यार्थी छापील कोपरे हाताने काढत बसतात.

‘फांगसोंग’ नावाची आणखी एक जात सरकारी कागदांवर दिसेल. चीनच्या सरकारी पत्रव्यवहाराच्या प्रमाणात पानावर २२ ओळी आणि ओळीत २८ अक्षरं ठरलेली आहेत, तीही १६ पॉइंटात. इतकी ऐसपैस मांडणी कुणी उगाच ठरवत नाही.

आकार आणि ओळींमधलं अंतर किती ठेवायचं?

सलग मजकुराला साडेदहा पॉइंट. चीनमध्ये वर्डची नवी फाइल उघडली की वर्षानुवर्षं तोच आकार यायचा. नऊला मी कुरकुर करत हो म्हणते. त्याखाली फक्त तळटीप.

ओळींच्या अंतराकडे मात्र फार दुर्लक्ष होतं. चिनी अक्षर चौकोनी, प्रत्येक चौकट सारखी. दोन ओळींमधलं अंतर दोन अक्षरांमधल्या अंतराएवढंच ठेवलं तर पान बुद्धिबळाच्या पटासारखं होतं आणि आडवं वाचायचं की उभं हेच डोळ्याला कळत नाही. देवनागरीत शिरोरेषा ओळीला धरून ठेवते. चिनीत ते काम मोकळ्या जागेला करावं लागतं. अक्षराच्या उंचीच्या अर्ध्याहून जास्त जागा ओळींमध्ये सोडा.

आडवं की उभं, कोणतं बरोबर?

दोन्ही. जुनी रीत वरून खाली, उजवीकडून डावीकडे. चीनमध्ये क्वांगमिंग दैनिक १ जानेवारी १९५५ पासून आडवं छापायला लागलं आणि पीपल्स डेली १ जानेवारी १९५६ पासून. आज ज्याची सवय, त्यात वेग जास्त.

बोल्ड आणि इटालिक चालतं का?

इटालिक नाही. तिरपी केलेली चौकट पडायला आल्यासारखी दिसते. वर्डमधलं ‘बी’चं बटण दाबून केलेलं बोल्डही टाळा, त्यात रेघ सगळीकडून फुगते आणि फटी बुजतात. ठसठशीत हवं तर त्यासाठीच घडवलेला जाड हेइ घ्या. चिनी पुस्तकांत भर द्यायचा तर अक्षराखाली ठिपका देतात, ती पद्धत सुंदर आहे.

एकच अक्षर माझ्या फोनवर वेगळं आणि चिनी मित्राच्या फोनवर वेगळं का दिसतं?

युनिकोडमध्ये चीन, तैवान, जपान, कोरिया यांच्या एकाच अक्षराच्या किंचित वेगळ्या वळणांना बहुतेक ठिकाणी एकच क्रमांक दिला आहे. कोणतं वळण दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो. ‘हाड’ हे अक्षर काढून दाखवता येईल : त्याच्या वरच्या भागातली छोटी चौकट चीनमध्ये डाव्या कोपऱ्यात असते, जपानमध्ये उजव्या.

मराठी माणसाला हे दुखणं नवं नाही. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची आपली वळणं वेगळी, हिंदीची वेगळी, आणि क्रमांक एकच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतली रूपं ठरवून दिली, तरी पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणंच येतात. आपल्याला ती वाचता येतात, पण परकी वाटतात. चिनी वाचकाला जपानी वळणाचं माहितीपत्रक हातात आलं की नेमकं हेच वाटतं. उपाय साधा आहे : मजकुराची भाषा फाइलमध्ये नीट नोंदवा आणि त्या प्रदेशाचा फॉन्ट निवडा. २०१४ साली अडोबी आणि गूगल यांनी मिळून काढलेला मोफत फॉन्ट या सगळ्या वळणांत मिळतो, त्यामुळे आता पैशाची सबबही नाही.

हाताने लिहायलाच हवं का? टाइप तर करता येतं.

चीनमध्ये बहुतेक जण पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार टाइप करतात आणि पडद्यावर आलेल्या यादीतून अक्षर निवडतात. त्यामुळे वाचता येतं पण लिहिता येत नाही अशी अवस्था सुशिक्षितांचीही होते. तिला तिथे म्हणच आहे : पेन उचललं आणि अक्षर विसरलं. ओळखणं आणि लिहिणं वेगळं, हे शाळाही मान्य करतात. २०११ च्या अभ्यासक्रमात पहिल्या दोन इयत्तांत सुमारे १,६०० अक्षरं ओळखायची आणि त्यांतली ८०० लिहायची, असं होतं.

तरी मी लिहून घेते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या बीजिंगच्या मुलांवरच्या अभ्यासात ज्यांचं लेखन पक्कं त्यांचं वाचनही चांगलं, असं दिसलं. वर्गासाठी चौकटीची वही आखून घ्या, प्रत्येक घरात एक उभी आणि एक आडवी तुटक रेघ, चार खण पडतील अशी. कोणता घटक कोणत्या खणात बसतो हे रोज पाच अक्षरांत बघितलं तरी पुरे. ज्यांनी हे केलं त्यांना ‘मो’ आणि ‘वेइ’ मी कधी वेगळं शिकवलेलं नाही.

छापायला देण्याआधी शेवटची तपासणी कशी करावी?

पडद्यावर करू नका. ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर, त्याच आकारात एक प्रत काढा आणि हातभर अंतरावर धरा. डोळे किंचित मिटून पाहा. जी अक्षरं काळे ठिपके होतात त्यांच्याभोवती वर्तुळ करा, आणि तेवढीच मोठी न करता सगळा मजकूर अर्ध्या पॉइंटाने वाढवा. मग जुळ्या अक्षरांची यादी घेऊन फिरा. ओळीच्या सुरुवातीला स्वल्पविराम किंवा पूर्णविराम आलाय का बघा, चिनीत तो तिथे चालत नाही.

त्यानंतर प्रत चिनी वाचणाऱ्या माणसाला दाखवा, आणि ती पीडीएफ करून पाठवा. वर्ड फाइल पाठवली तर त्याच्या संगणकावर फॉन्ट बदलतो, त्याला सगळं स्वच्छ दिसतं, तो ‘ठीक आहे’ म्हणून कळवतो, आणि तुम्ही छापणार ते पान त्याने पाहिलेलंच नसतं.